बिनबकरमाचं जाकीट

नांदेडच्या जिल्हा परिषदेच्या आवारात किंवा लातूरच्या बाजार समितीत सकाळी अकराच्या सुमाराला थोडा वेळ उभं राहावं. माणूस तोंड उघडायच्या आधी त्याचं जाकीट बोलायला लागतं. कडक पांढऱ्या सदऱ्यावर उभ्या गळपट्टीचं, पाच बटणांचं, बिनबाह्यांचं. छातीवर एक सुरकुती नाही, वरच्या खिशात पेन, मागे दोन माणसं. असं जाकीट घातलेल्याला खुर्ची लगेच पुढे होते. लग्नाच्या मांडवात सत्काराची यादी घेऊन फिरणारासुद्धा आधी जाकिटं हेरतो आणि मग नावं विचारतो.

ते जाकीट ज्यांना लखलाभ त्यांना असो. मला हवं होतं ते वेगळं. शाळेवर जाणाऱ्या गुरुजींनी, दुकानात बसणाऱ्या ताईंनी, दुचाकीवरून गावोगाव हिंडणाऱ्या ग्रामसेवकाने रोज अंगात घालावं, रात्री बादलीत धुवावं, चष्मा, मोबाइल, सुट्टे पैसे, औषधाची गोळी त्यात मावावी, आणि घातलं तरी कुणी ‘कुठून उभे राहणार?’ म्हणून विचारू नये. कापूस इथला, खादी इथली, शिवणारे हात इथले. मग जाकीट तेवढं परगावाहून पिशवीत घडी घालून का येतं, या प्रश्नाचा माग काढत नांदेड आणि लातूर हे दोन जिल्हे पालथे घातले.

आधी कापड. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचं मुख्य ठाणं नांदेडला आहे. स्वामी रामानंद तीर्थ आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रेरणेतून उभी राहिलेली ही संस्था बाहेर ठाऊक आहे ती तिरंग्यामुळे. लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला ध्वजाचं कापड विणलं जातं, प्रक्रियेसाठी ते अहमदाबादला जातं आणि परत नांदेडला येऊन इथे त्याचे ध्वज शिवले जातात. कर्नाटकात हुबळीजवळच्या बेंगेरीचं नाव जसं ध्वजाशी जोडलेलं आहे, तसं महाराष्ट्रात नांदेडचं. राष्ट्रध्वजाचं मानक स्वतंत्र भारताच्या मानकांमध्ये क्रमांक एकचं, १९५१ सालचं. धागे किती, वजन किती, रंग किती पक्का, शिलाई कशी, सगळं त्यात लिहिलेलं. सर्वांत मोठा ध्वज २१ फूट लांब आणि १४ फूट रुंद. एवढं मोठं कापड मशीनखालून सरळ रेषेत नेणं आणि कुठेही ओढ न पडू देणं, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. ज्या गावात हे काम होतं त्या गावाला साधं जाकीट जड जाऊ नये.

ध्वजाला दोन प्रकारची खादी लागते, हे पुष्कळांना माहीत नसतं. फडकतो तो भाग बंटिंग नावाच्या खादीचा. दोरी ओवायची काठीकडची मळकट-पांढरी पट्टी मात्र डक खादीची, जाड आणि चिवट, वाऱ्याची सगळी ओढ सोसणारी. जाकिटाचा विचार करताना माझ्या डोळ्यांसमोर सारखी ही पट्टीच येत होती. मिरवतो तो तिरंगी भाग, ताण सोसते ती पट्टी. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली आणि यंत्रावरच्या, पॉलिएस्टरच्या कापडाचे ध्वजही चालतील असं ठरलं. पुढच्याच वर्षी ‘हर घर तिरंगा’ आलं. घरोघर झेंडे लागले ही चांगलीच गोष्ट, पण हातकताईच्या कापडाचं हक्काचं एक गिऱ्हाईक त्या दिवशी विभागलं गेलं. अशा वेळी खादी संस्थांनी रोजच्या कपड्याकडे वळायला हवं होतं असं माझं मत आहे. तयार जाकिटं त्या विकतात, नाही असं नाही. पण ती पुढाऱ्याच्याच घाटाची.

या भागाच्या कापडाला मोठा वंश आहे. निजामाच्या राज्यात नांदेडची तलम मलमल नावाजलेली होती. त्यामागे गावरानी कापूस होता, देशी जातीचा असूनही लांब धाग्याचा. पुढे नांदेडच्याच कापूस संशोधन केंद्रातून एनएचएच-४४ हा संकरित वाण निघाला आणि कोरडवाहू शेतकऱ्यांनी तो ‘नांदेड ४४’ म्हणून उचलून धरला. शहरात उस्मानशाही मिलचा भोंगा होता, तोही कधीचा थांबला. लातूरकडे सोयाबीनने कापसाला शिवारातून जवळजवळ हुसकून लावलं. आज नांदेडचा कापूस गाठी बांधून बाहेर जातो आणि कापड होऊन परत येतो. या प्रवासात गावाच्या हातात कापडाचं एकच काम उरलं आहे, शिवणकाम.

शिवणाऱ्यांचा वंश तर त्याहून जुना. संत नामदेवांचं नरसी गाव आता हिंगोली जिल्ह्यात आहे, नांदेडहून फार लांब नाही. शिंप्याच्या घरात जन्मलेल्या या संताची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि त्याच ग्रंथाला गुरुपद देऊन शिखांचे दहावे गुरू १७०८ साली जिथे विसावले, तो हजूरसाहिब नांदेडला गोदाकाठी आहे. गज, कातर, सुई, दोरा ही सगळी अवजारं नामदेवांच्या पदांत येऊन जातात. नांदेडच्या इतवारा भागातल्या एका दुकानात नामदेव महाराजांच्या तसबिरीखालीच काळी पायमशीन चालताना दिसली. मशीनवर एक वयस्क मास्तर होते. त्यांना मी जाकीट म्हटल्याबरोबर त्यांनी खालून वर पाहिलं.

“प्रचाराचं का?”

रोजचं, म्हणून सांगितलं.

“रोजचं आता कोण शिवायलंय, सांगा? शिवून घेणारे ते मोठे लोक. त्यांना आत बकरम लागतं, कॅनव्हास लागतं, चकचकीत अस्तर लागतं. साधं म्हणलं की लोक रेडिमेड उचलतात.”

शिवणकामाचं पुढचं सगळं त्यांच्याकडून आणि त्यांच्यासारख्या दोन-चार जुन्या कटरांकडून शिकलेलं आहे, आकडेमोड माझी.

त्याआधी हे जाकीट मुळात आलं कुठून, ते थोडक्यात आटोपतो. शेरवानी-अचकनीच्या बाह्या काढल्या, लांबी कमरेखाली वीतभर ठेवली आणि स्वातंत्र्याच्या काळात ते जवाहर जाकीट म्हणून देशभर झालं. मराठवाड्याला हा घाट परका नव्हता, कारण हैदराबाद संस्थानात वकील, मास्तर, अहलकार सगळे शेरवानीत वावरायचे. १७ सप्टेंबर १९४८ नंतर शेरवानी हळूहळू खुंटीला गेली आणि गळपट्टी तेवढी मागे राहिली. आमच्याकडच्या दिल्लीतल्या पुढाऱ्यांनी बंद गळ्याला इतकं परीटघडीचं केलं, की सप्टेंबर २००८ मध्ये दिल्लीत बॉम्बस्फोट झाले त्या रात्री गृहमंत्री शिवराज पाटील चाकूरकर यांनी कपडे किती वेळा बदलले, यावर वाहिन्यांनी चर्चा केली. नांदेडहून लोहा, अहमदपूर करत लातूरला जाताना चाकूर लागतं. तिथे चहाला थांबलं की आजही कुणीतरी अभिमानाने त्या नेटकेपणाचं वर्णन करतं. मला वाटतं, इथेच जाकीट सामान्य माणसाच्या हातून निसटलं. इस्त्री मोडायची भीती असलेला कपडा रोजचा होत नाही.

आता शिलाई. पहिला नियम मास्तरांनी सांगितला तो कात्रीचा नव्हताच.

“खादीला आधी पाणी दाखवायचं, मग कात्री.”

कापड रात्रभर स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवायचं, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं आणि थोडं दमट असताना इस्त्री मारायची. हातकताईच्या सुताला पीळ कमी-जास्त असतो, मांडीची खळ असते, पहिल्या पाण्यात ते आटतं. चार टक्के आटलं तरी २७ इंच लांबीतला एक इंच गेला. शिवल्यावर आटलं की वरचं कापड आखडतं, आतलं अस्तर तसंच राहतं आणि पुढचा भाग बोळा केल्यासारखा फुगतो. पुष्कळांचं खादीवरचं मन इथेच उडतं, आणि दोष खादीला लागतो. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे कापडासाठी बादलीभर पाणी मागणं अवघड होतं खरं, पण ते पाणी झाडाला घालता येतं.

मग बेतणं. खादी बहुतेक ३६ इंच पन्ह्याची मिळते. छाती ४० आणि लांबी २७ असलेल्या माणसाचं उदाहरण घेऊ. सदऱ्यावरून घालायचं म्हणून पाच इंच ढिलाई द्यायची, म्हणजे तयार घेर ४५, चौथा हिस्सा सव्वाअकरा. पाठ घडीवर कापली तर दोन्ही कडांना शिवणीसाठी इंच-इंच माया धरून साडेचोवीस इंच रुंदी लागते. पुढचे दोन भाग बटणपट्टीचा एकेक इंच, बाजूची एकेक इंच माया आणि पुढच्या कडेचा अर्धा-अर्धा इंच धरून शेजारी-शेजारी साडेसत्तावीसमध्ये बसतात. पाठीशेजारी साडेअकरा इंचांची पट्टी उरते, त्यात गळपट्टी आणि खिसे निघतात. पुढच्या भागांशेजारी साडेआठ इंच उरतात, त्यात आतल्या पट्ट्या. खालची दुमड आणि खांद्याची माया धरून प्रत्येक तुकडा ३० इंच लांब, म्हणजे एकूण ६० इंच. आटण्याचा हिशेब मिळवला की पावणेदोन मीटर कापड पुरतं आणि चिंधी म्हणावी एवढाही तुकडा वाया जात नाही. उभा धागा लांबीत ठेवायचा, ही एकच सक्ती. आडवा लावला तर जाकीट महिनाभरात खाली लोंबायला लागतं.

बाजूच्या शिवणीला मी एक इंच माया सांगितली तेव्हा नव्या पोरांच्या कपाळाला आठी पडली. रेडिमेडमध्ये अर्धा इंचही मिळत नाही. पण रोजचा कपडा चार-पाच वर्षं चालायचा असेल, तर माणूस तेवढ्यात जाड होणार, नाहीतर जाकीट मुलाकडे जाणार. दोन्हीकडून मिळून चार पदरांचे चार इंच नाहीत, तरी दीड-दोन इंच सोडवता येतात. ही सोय विकत मिळत नाही, ती बेततानाच ठेवावी लागते.

यानंतर खरी गंमत, काय काय घालायचं नाही ती. पुढाऱ्याच्या जाकिटाच्या पोटात चिकट कॅनव्हास असतो, गळपट्टीत ती ताठ ठेवणारं बकरम, आणि सगळ्याला मागून पॉलिएस्टरचं अस्तर. नांदेडचा मे महिना ४२-४३ अंशांचा. त्यात हे अंगात घालणाऱ्याच्या पाठीवर घामाचा नकाशा उमटतो. म्हणून बकरम काढायचं. गळपट्टीच्या आत त्याच खादीचा आणखी एक पदर घालायचा, आडव्या धाग्यावर कापलेला. ती उभी राहते, मानेला काचत नाही आणि धुतल्यावर तिला फोड येत नाहीत. गळपट्टीची उंची दीड इंचावरून एक इंचावर आणायची. पुढच्या कडेला आतून तीन इंचांची पट्टी पुरेशी, बटणांचा ताण ती घेते. बाकी सगळं एकेरी. अस्तर हवंच असेल तर खांद्यापासून पाठीच्या निम्म्यापर्यंत, जुन्या धुतलेल्या सुती धोतराचं. घाम ते पितं आणि वरचा रंग वाचतो.

अस्तर नाही म्हटल्यावर आतली शिवण उघडी पडते, आणि कारागिराची परीक्षा तिथे होते. खादीचे धागे सुटतात. ओव्हरलॉक मारून भागवता येतं, पण ते काही वर्षांत झिजून दशा लोंबतात. जुनी रीत अशी की एका बाजूची माया निम्मी छाटायची, दुसरी तिच्यावर गुंडाळायची आणि वरून आणखी एक टीप मारायची. उलटं घातलं तरी जाकीट लाजत नाही. मुंढ्याला उरेब पट्टी, तिरक्या धाग्यावर कापलेली, कारण गोलाईवर सरळ पट्टी चुण्या घालते. या दोन कामांना वेळ लागतो. पीसवर काम करणारा कारागीर ती टाळतो याचं कारण आळस नव्हे, त्या वेळाचे पैसे कुणी देत नाही.

मुंढ्याबद्दल मास्तरांचं एक वाक्य टिपून घेतलं आहे: “पुढाऱ्याच्या जाकिटाला पोट झाकायचं असतंय, गुरुजीच्या जाकिटाला फळ्यावर हात न्यायचा असतंय.” बिनबाह्यांच्या जाकिटाला मुंढा जरा खोल चालतो, आतला सदरा मोकळा राहतो. बाह्या लावायच्या म्हटलं की उलट करावं लागतं, आणि बहुतेक घरगुती शिवणारे इथे फसतात. हात मोकळा व्हावा म्हणून ते मुंढा खाली उतरवतात. मग हात वर केला की सगळं जाकीट बरोबर वर येतं. मुंढा काखेच्या जवळ ठेवायचा, आणि बाहीच्या डोक्याची गोलाई उथळ करून बाही रुंद करायची. हात खाली असताना काखेत दोन घड्या पडतात. पडू द्याव्यात. सुरकुती नको असेल तर पुतळा व्हावं.

बाह्यांचा प्रश्न दोन शहरांत वेगळा सुटतो. नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास. लातूर बालाघाटाच्या पठारावर, सहाशेच्या वर. तापमानातला फरक आकड्यांत थोडा वाटतो, पण डिसेंबरात पहाटे उदगीरच्या स्टँडवर उतरलं की तो कानांना कळतो. नांदेडसाठी बिनबाह्यांचं जाकीट बारा महिन्यांतले आठ महिने चालेल. लातूर-उदगीरसाठी हिवाळ्याचं एक बाह्यांचं असावं. त्याला जाड खादी घ्यावी, लोकर घेऊ नये. दुपारी तिथेही ऊन लागतं.

खिशांवर मात्र कंजुषी नको. वरचा पेनाचा खिसा काढून टाकला तरी चालतो, पेन कुणी वापरत नाही. खालचे दोन बाहेरून लावलेले, सहा बाय सात इंचांचे, तोंडाला दुहेरी दुमड आणि दोन्ही कोपऱ्यांना त्रिकोणी टीप. आत डावीकडे एक चोरखिसा, मोबाइल बसेल एवढा, वरून बटणाचा. बायकांच्या कोटीला बाजारात खिसेच नसतात, असले तर दोन बोटांचे. लातूरच्या गंजगोलाईत, जिथे सोळा रस्ते येऊन मिळतात, कापड लाइनीतल्या दुकानात एक शिक्षिका दुकानदाराशी हुज्जत घालत होत्या. “भाऊ, वर्गात मला खडू, डस्टर, किल्ल्या, मोबाइल चार गोष्टी सांभाळायच्या असतात, पर्स कुठे लटकवू?” दुकानदाराने तिसरी कोटी काढून दाखवली. तिच्यावर आरसे होते, खिसा नव्हता.

परदेशात रोजच्या जाकिटाचा हा प्रश्न कष्टकऱ्यांनी फार पूर्वी सोडवून ठेवला आहे. फ्रान्समधल्या कामगारांचं निळं सुती जाकीट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलं आहे: अस्तर नाही, बाहेरून लावलेले तीन खिसे, सरळ शिलाई, धुऊन धुऊन विटणारा रंग. न्यूयॉर्क टाइम्सचे छायाचित्रकार बिल कनिंगहॅम यांनी आयुष्यभर जगातल्या महागड्या फॅशनचे फोटो काढले आणि स्वतः मात्र रस्ते झाडणाऱ्या फ्रेंच कामगाराचं ते निळं जाकीट घालून सायकलवर हिंडले. २०१६ साली ते गेले तेव्हा लोकांना त्यांचं काम आठवलं तसं ते जाकीटही आठवलं. आपल्याकडे कष्टाचा कपडा होता, बंडी होती, कोपरी होती. आपण ती टाकून दिली आणि जाकीट नेत्याकडे सोपवलं.

मापाचा कपडा मागे पडला की काय होतं, ते महाराष्ट्राने नुकतंच पाहिलं. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात ‘एक राज्य एक गणवेश’ योजनेत शाळांसाठी कापड एकत्र खरेदी झालं आणि शिवण्याचं काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचतगटांना गेलं. गणवेश उशिरा आले, अनेक पोरांना ते बसेनात. वर्षाअखेरीस शासनाने निर्णय फिरवला आणि काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. यात शिवणाऱ्या बायकांच्या हाताला नावं ठेवणारे पुष्कळ भेटले. मला ते पटत नाही. ज्या पोराला पाहिलंच नाही त्याचा खांदा कुणालाही शिवता येणार नाही. त्याच बायकांना गावातल्या पन्नास माणसांची मापं घेऊन पन्नास जाकिटं शिवायला द्या आणि मग बोला.

आणि शिवायला देणारं गिऱ्हाईकही तसंच हवं. आपण टेलरकडे कापड टाकतो आणि ‘जुन्या मापाचं करा’ म्हणून निघून येतो. रोजचं जाकीट असं होत नाही. सदरा अंगात घालून माप द्यायचं. दुचाकीवर बसल्यासारखे हात पुढे करून पाठीची रुंदी मोजून घ्यायची. ताठ उभं राहून घेतलेल्या मापात ती इंच-दीड इंच कमी भरते. कच्च्या टाक्यांवर एकदा घालून बघायचं. बटणं लाकडाची किंवा नारळाच्या करवंटीची घ्यायची, दोन जास्तीची आतल्या पट्टीला टाकून ठेवायची. काजं मशीनवर करून देणारं वेगळं दुकान असतं, मास्तरांचा पोऱ्या तिथे घेऊन जातो. सांगायचं एवढंच की खादीवर काज पाडण्याआधी तिथे आतून कापडाचा एक तुकडा लावा.

दिवाळीच्या तोंडावर कुठल्याही टेलरला विचारून पाहा, उत्तर ‘दिवाळी होऊ द्या’ असंच येईल. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि मग उत्तर ‘लग्नं होऊ द्या’ असं बदलतं. पाडव्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत दहा-अकरा दिवस मशीन जरा निवांत असते. पावणेदोन मीटर खादी फराळाच्या दिवसांत घरीच भिजवून, वाळवून तयार ठेवावी आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेचं ओवाळून झालं की, दुकानाची पायरी चढावी.